न्हाणीवरचा अळू

१

मला साय आवडत नाही. लहानपणापासून नाही. दुधावरचा तो सुरकुतलेला पापुद्रा ओठाला लागला की मी पेला दूर सारते. आई म्हणायची, "शिपायांच्या घरात जन्मलीस आणि सायीला घाबरतेस होय गं?" घाबरत नाही, किळस येते. आणि नशीब बघा कसं, एवढी शिकूनसवरून मी पोटासाठी करते काय, तर पानांची साय काढते.

आमच्या जनार्दन सरांना हा शब्द खपत नाही. "पेशीपटल म्हणा, संयोगिताबाई." बरं, पेशीपटल. पानातल्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो, आतलं आत आणि बाहेरचं बाहेर ठेवणारा. तो वेगळा काढायचा आणि त्यातून काय आत जातं, काय बाहेर येतं ते तपासायचं, हे आमचं काम. प्रयोगशाळा सयाजीगंजात, स्टेशनजवळच्या एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर आहे. खाली शेव-उसळवाला बसतो, त्याच्या तिखट रश्शाचा वास अर्ध्या जिन्यापर्यंत येतो. तिथून पुढं आमचा वास सुरू होतो, वाटलेल्या पाल्याचा, कच्चट. कपडे धुतले तरी तो जात नाही.

रीत अशी. ताजी पानं घ्यायची, शिरा काढून टाकायच्या, साखर घातलेल्या थंडगार पाण्यात मिक्सरमधून फिरवायची आणि मलमलीतून पिळून गाळायची. मग ते हिरवं पाणी नळ्यांत भरून गरगर फिरवणाऱ्या यंत्रात लावायचं. तळाशी गाळ बसतो, तो फेकायचा आणि वरचं पाणी आणखी जोरात फिरवायचं. शेवटी एकमेकांत न मिसळणारी दोन चिकट द्रावणं घालून नळी हलवून ठेवली, की पटल तेवढं वरच्या थरात येतं आणि बाकीची घाण खाली राहते. हे सगळं थंडीत करायचं, शीतखोलीत, बडोद्याच्या ऐन मे महिन्यात स्वेटर घालून. पटलाला ऊब सोसत नाही.

नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट घोकायला लावते. पटल उघडं राहत नाही. मिक्सरच्या पात्यानं त्याच्या चिंध्या करा, तरी प्रत्येक चिंधीची कड दुसरी कड शोधत जाते आणि मिटते. इवल्या इवल्या पिशव्या होतात. मिटताना आत जे सापडेल ते घेऊन मिटतात. "त्याला भोक म्हणून सहन होत नाही," असं मी सांगते, आणि मुलं माना डोलावतात.

२

घरी आम्ही दोघीच, मी आणि आई. पाणीगेटच्या आतल्या गल्लीत आमचं बैठं घर आहे. वडील, दत्ताजीराव, जाऊन बरीच वर्षं झाली. आईचं नाव कौशल्या. माझे पणजोबा संस्थानाच्या फौजेत होते, आणि आईला त्याचा अभिमान असा, की जणू तीच घोड्यावर बसून लढायला गेली होती. गेल्या दिवाळीत न्हाणीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हासुद्धा तिनं हूं की चूं केलं नाही. मात्र तेव्हापासून ती पलंगावर आहे. रोज सकाळी मी तिला उचलून न्हाणीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवते आणि आंघोळ घालते.

आता सांगूनच टाकते. मला आईच्या अंगाला हात लावायची किळस येते. जीव आहे तिच्यावर, तिच्याशिवाय मला कोण आहे? पण ती लोंबणारी, गार, सायीसारखी कातडी बोटांखाली सरकली की माझ्या घशात आंबट येतं. म्हणून मी प्रयोगशाळेतले हातमोजे घरी आणते आणि ते घालून तिला चोळते, तेल लावते.

"उघड्या हातानं लाव की गं," ती म्हणते. "रबराचा वास येतो."

"स्वच्छता असते आई ती."

"हं," ती म्हणते. तिला सगळं कळतं.

न्हाणीचं पाणी मागच्या परसात जातं, आणि तिथं, पुष्कळ मराठी घरांत असतो तसा, अळू लावलेला आहे. आई पडल्यापासून तो नुसता माजला होता. पूर्वी ती दोन तांब्यांत अंग धुवायची, आता मी बादलीभर ओतत होते, तेल, साबण, अंगाचा मळ, सगळं त्याच्या मुळाशी. पानं सुपाएवढी झाली होती. आठवड्यातून एकदा आई त्याच्या पानांच्या फदफद्याचा हट्ट धरायची आणि ते बुळबुळीत प्रकरण चमच्यानं भरवताना मी दुसरीकडे बघायची.

त्यात उन्हाळ्यानं प्रयोगशाळेत आमची गोची केली. बाजारातला पालक सकाळीच मान टाकलेला असायचा. त्याच्यातून पटल निघेना, सरांचा पारा चढलेला. एका सकाळी दुधाचं पातेलं ठेवता ठेवता मागच्या दारातून ती सुपं दिसली आणि मी म्हटलं, अगं बाई, काखेत कळसा आणि गावाला वळसा! विळीनं सपासप कापून पिशवी भरली.

"कुठं नेतेस गं?" आईचा पलंग मागच्या दारासमोरच असतो.

"कामावर."

"न्हाणीवरचा अळू घराबाहेर देत नसतात, संयू."

"का? त्याला काय झालं?"

"आपल्या अंगाचं पाणी पिऊन वाढतो तो. आपला आपण खावा."

मला हसू आलं. घाण पाण्यावरची भाजी लोकांना देऊ नये, एवढीच अक्कल असणार त्यामागं, असं मी धरून चालले. हेल्मेट चढवलं आणि निघाले.

३

माझ्याबरोबर रसिका काम करते. रेल्वे कॉलनीतली मुलगी, डॉक्टरेटच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हुशार आणि अखंड बडबडी. अळू खाजरा म्हणून आम्ही दोघींनी दुहेरी हातमोजे घातले, पानं फिरवली, गाळली, यंत्रात लावली. खोलीभर ती घूंऽऽ घरघर भरून राहिली.

शेवटी नळ्या बाहेर काढल्या. वरच्या थरात एरवी डोळ्याला काही दिसत नाही, उजेडाकडे धरलं तर जरा धुरकट वाटतं, इतकंच. त्या दिवशी तिथं पापुद्रा होता. सलग, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

"ताई, आ तो मलाई छे!" रसिका खुशीत आली की गुजरातीत शिरते.

"शी! गप बस गं."

तिनं बारीक चमचा घेऊन पापुद्र्याला मधोमध चीर दिली. चीर मिटली. मी शीतखोलीत उभी होते तरी मला दरदरून घाम फुटला. हे मिटणं मी वर्षानुवर्षं शिकवत आलेय, पण ते सूक्ष्मदर्शकाखालचं, डोळ्याला न दिसणारं. हे डोळ्यांदेखत, ओठ मिटावेत तसं.

"किती मस्त! सर नाचतील," रसिका म्हणाली.

मला मात्र रंग खटकला. हिरव्या पानाचं पटल फार तर पांढुरकं असावं. हे गव्हाळ होतं. आणि नळी कलती केली तेव्हा त्यावर बारीक रेघांच्या चौकटी दिसल्या, आपल्या मनगटाच्या मागच्या बाजूला असतात तशा. द्रावण घट्ट झालं असेल, थंडीनं सुरकुत्या पडल्या असतील, मी मनाशी म्हटलं. कुप्या भरल्या, डीप फ्रीजरमध्ये ठेवल्या, आणि हातमोजे काढून कोपरापर्यंत हात घासले.

संध्याकाळी घरी आले तर आई गोधडी अंगावर ओढून बसलेली. बाहेर डांबर वितळत होतं आणि हिचे दात वाजत होते.

"पंखा बंद कर गं. थंडी वाजतेय मेली."

"आई, मे महिना आहे."

"मला काय सांगतेस? दुपारपासून गारठलेय. आणि घेरी येत होती. कुणीतरी मला धरून गरगर फिरवतंय असं वाटत होतं."

ताप नव्हता. मी चहा करून दिला, त्यावरची साय गाळून काढली, आणि तिच्या हाताला तेल लावायला बसले. कोपराखाली जरा जोर दिला तर उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तशी कातडी सरकून माझ्या बोटांत आली.

मी ती हातमोज्यासकट फेकली आणि मोरीत जाऊन ओकले. परत आले तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती.

४

डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं. "उंमर थई, बेन. चामडी पातळी पडी जाय," म्हणाले आणि मलमाची नळी लिहून दिली. वयानं कातडी पातळ होते, मला ते पटलं. मला पटवून घ्यायचंच होतं.

पण आई काही बरी होईना. सर अळवावर फिदा झाले होते, त्यामुळे मी पानं नेत राहिले. आणि ज्या दिवशी नेत असे, त्या दिवशी संध्याकाळी आईची कुठली तरी जागा सोललेली असे. कधी पोटरी, कधी खांदा. चादर चिकटायची, ती पाण्यानं भिजवून सोडवताना येणारा तो गोडसर वास! मी नाकाला ओढणी बांधून सगळं करायची आणि मनातल्या मनात भांडायची. शास्त्राची माणूस आहेस ना तू? मग असं कर, कारणं शोध. नवा साबण असेल. उकाड्यानं घामोळं चिघळलं असेल. पानं नेते त्या दिवशी मी घाईत असते, आंघोळ घालताना जास्त रगडते, तेच कारण असेल. एक आठवडा पालकावर काढला आणि त्या आठवड्यात नवी जखम झाली नाही, तर तो योगायोग. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, त्यात काय?

आईनं मात्र एकदा विचारलं, "आज जास्त पानं नेलीस होय?"

"तुला कसं कळलं?"

"सहज विचारलं." तिनं हनुवटीपर्यंत गोधडी ओढली. "संयू, थोडी ठेव गं माझ्यासाठी."

मला वाटलं, फदफद्यासाठी म्हणतेय. मी हो म्हटलं, आणि दुसऱ्याच दिवशी सरांना मोठा प्रयोग करायचा होता म्हणून सगळ्यात रुंद पानं कापून नेली.

त्या दिवशी पापुद्रा नळीत मावला नाही. आम्ही तो काचेच्या थाळीत काढला. तळहाताएवढा होता. रसिका वाकून बघत होती.

"ताई, हे बघा ना. इथं कसला डाग आहे?"

एका बाजूला रुपयाएवढा गोल होता. आत जरा खोल, आणि कडेनं बारीक टाचणीनं टोचल्यासारख्या खुणा. रसिकाच्या वयाच्या मुलीला तो ओळखू येण्याचं कारण नाही. माझ्या आईच्या पिढीतल्या प्रत्येक बाईच्या दंडावर तो असतो. लहानपणी देवीची लस टोचलेल्याचा वण.

"बुडबुडा असेल," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

घरी जाऊन मी आधी तिची बाही वर केली. दंडाची ती जागा लालभडक ओली होती आणि वण नव्हता. पूर्वी तिथंच होता, मी लहानपणी त्यावर बोट फिरवत झोपायची.

५

दुसऱ्या दिवसापासून मी अळवाला हात लावला नाही. कानाला खडा. सरांना सांगितलं, पानांना कीड लागली. ते चिडचिडले आणि कुठल्याशा परिषदेला दिल्लीला निघून गेले. मला वाटलं, आता आई बरी होईल.

नवी जखम झाली नाही हे खरं, पण जुनी एकही भरेना. आणि थंडी जाईना. दोन गोधड्या, शाल, पायांत मोजे, वर गरम पाण्याची पिशवी, आणि आत ती कुडकुडणारी म्हातारी. अंगाला हात लावला तर फ्रीजमधून काढलेल्या भाजीसारखी लागायची. बोलताना ओठ निळे. डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात ठेवा, जखमांतून विष पसरलं तर हाती काही राहणार नाही. आई म्हणाली, मी माझ्या घरातच मरेन. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की ती खरंच जाणार आहे. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून ओक्साबोक्शी रडले.

रजा काढून घरी होते. दुपारी रसिकाचा फोन आला.

"ताई, त्या अळवाच्या कुप्यांतली एक बाहेर काढलीय हं. सर परत येईपर्यंत चाचणी उरकते."

मी हं म्हटलं. पलंगावरून आई म्हणाली, "हां. आता जरा ऊब आली बघ."

मी वळून बघितलं. तिचा डावा हात गोधडीबाहेर आला होता आणि ती तो उन्हात धरावा तसा धरून बसली होती. तेवढाच हात. बाकी सगळी ती कापत होती.

"रसिका," मी म्हटलं, "काय करतेयस तू आत्ता?"

"काही नाही, वितळलंय ते. आता ब्लेडनं तुकडे करते."

"थांब!"

पण आईनं हात झटकन आत ओढला होता. ओरडली नाही. शिपायांच्या घरातली ना! डोळे मात्र घट्ट मिटले आणि गोधडीवर बारीक लाल रेघ उमटली.

विश्वास ठेवायचा की नाही, हा विचार करायला मला वेळच नव्हता. मी गाडी काढली आणि मांडवीच्या गर्दीतून हॉर्न वाजवत सयाजीगंजात पोचले. फ्रीजरमधल्या अळवाच्या सगळ्या कुप्या थर्माकोलच्या डब्यात भरल्या, बशीत पडलेले तुकडेही चिमट्यानं उचलून घेतले.

"ताई, सरांना काय सांगू?" रसिका रडवेली झाली.

"सांग, खराब झालं सगळं."

"पण खराब कुठं झालंय?"

डबा छातीशी धरून मी जिना उतरले.

६

घरी मी कुप्या ओंजळीत धरून एकेक वितळवली आणि कणीक मळायच्या मोठ्या परातीत रिकामी केली. परातीत ते तुकडे जरा वेळ सुटे तरंगले. मग एकमेकांकडे सरकू लागले. वारा नव्हता, पंखा बंद होता. कड कडेला लागली, शिवण दिसेनाशी झाली, आणि परातीच्या काठापासून काठापर्यंत एक गव्हाळ साय पसरली. तिच्यावर बारीक लव होती. मी ओढणी तोंडात कोंबली.

कसं करायचं, मला कुणी सांगितलं नव्हतं. पण यापलीकडे दुसरं काय करणार? ज्याचं त्याला परत द्यायचं. हातमोजे घालून मी एक कड उचलली, तर ती रबरावरून घरंगळून परत परातीत. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच.

"मोजे काढ," आई म्हणाली.

"आई, मला नाही जमणार."

"काढ गं. तुझी आईच आहे मी."

मी मोजे काढले. आयुष्यात याहून घाणेरडं मी काही शिवले नाही. कोमट झालं होतं ते, आणि बोटांखाली हळूच आखडत होतं, जिवंत जळवेसारखं. मी ते आईच्या पाठीवर पसरलं, मग खांद्यावर, पोटऱ्यांवर, शेवटी दंडावर. तळव्यानं सारखं करत गेले. मोठमोठ्यानं शिव्या देत होते, अळवाला, सरांना, स्वतःला. जखमेच्या काठाशी पापुद्रा पोचला की आपसूक आत सरकायचा आणि मिटायचा. शेवटी परात कोरडी झाली. माझ्या बोटांच्या बेचक्यांत थोडं राहिलं होतं ते मी ओढणीनं खसाखसा पुसलं.

आईनं लांब श्वास सोडला. "आता बरं वाटतंय," म्हणाली. गोधडी पायानं ढकलली आणि किती तरी आठवड्यांनी घोरत झोपली.

७

सकाळी तिच्या अंगावर एकही जखम नव्हती. मी सगळीकडे बघितलं. कातडी गुळगुळीत, तुकतुकीत झाली होती, लोंबत नव्हती, सुरकुती नव्हती. दंडावर देवीचा वण जागच्या जागी होता. मी त्यावर बोट फिरवलं आणि खुळ्यासारखी हसत सुटले. बोट उघडं होतं आणि मला किळस आली नाही.

न्हाणीत नेऊन पहिला तांब्या तिच्या पाठीवर ओतला. पाठ ओली झाली नाही. पाण्याचे टपोरे मोती झाले, चकाकत घरंगळले आणि मोरीतून परसात गेले. मी पुन्हा ओतला, पुन्हा तेच. अळवावरचं पाणी लहानपणी आम्ही पानावर खेळवत असू, अगदी तसं. मागं परसात कापलेल्या देठांना नवे कोंब आले होते.

पलंगावर परत आणलं तेव्हा उशीवर तिच्या कानातली कुडी पडलेली दिसली. घालायला गेले तर पाळीला भोक नव्हतं. दुसऱ्या कानालाही नव्हतं. म्हातारपणी कानाची भोकं बुजतात, मी मनाशी म्हटलं. नाकातली चमकी गादीखाली सापडली. मग पाय पुसायला घेतले, आणि अंगठा व शेजारचं बोट यांच्यामध्ये रुमाल जाईना.

मुलांना मी दर वर्षी भोकाबद्दल काय सांगते ते मला तेव्हा आठवलं.

"आई," मी म्हटलं, "आई, तोंड उघड बघू."

"कशाला? काही दुखत नाही गं." शब्द जाड येत होते, घास तोंडात असल्यासारखे. "बस जरा. हात दे."

डॉक्टरांना फोन करायला हवा होता. पण ती हात पुढं करून थांबली होती, आणि इतक्या वर्षांत मी तिचा हात नुसता धरला नव्हता. मी उजवा हात दिला. तिनं दोन्ही तळव्यांत घेतला. ऊबदार होते तळवे, मऊ. बाहेर गल्लीत भंगारवाला ओरडत गेला, ऊन मागच्या दारातून पलंगापर्यंत आलं, आणि मी बसून राहिले. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

फोन वाजला. रसिका असणार. मी उठायला गेले आणि हात आला नाही.

मी ओढला. दुखलं नाही, नुसतं ताणलं गेलं, मनगटापासून कोपरापर्यंत. खाली बघितलं तर तिचा तळवा कुठं संपतो आणि माझी बोटं कुठं सुरू होतात ते दिसत नव्हतं. सगळं एक, तुकतुकीत, गव्हाळ. विळी स्वयंपाकघरात होती, पण विळीनं काय होणार? कापलं की दोन कडा होतात, आणि कडा काय करतात ते मला चांगलं ठाऊक आहे.

मग मी एकदाच तिच्या तोंडाकडे बघितलं. डोळ्यांच्या जागी अजून बारीक रेघा होत्या. ओठांच्या जागी काहीच नव्हतं. पुन्हा बघितलं नाही. मी भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे नजर लावून बसले. छाती मात्र तिची वरखाली होत होती, आणि थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की माझीही तिच्याच तालात होतेय.

ऊन कलल्यावर दार वाजलं. "ताई? फोन का उचलत नाही? ताई, मी रसिका. सर आलेत, विचारतायत." कडी वाजत राहिली. मला तिला ओरडून सांगायचं होतं की आत येऊ नकोस, कशाला हात लावू नकोस. जीभ जड झाली होती. आधी एकच गोष्ट विचारून घ्यावी असं वाटलं, कारण एवढं सगळं त्यासाठीच तर केलं होतं.

"आई," मी हळूच म्हटलं, "आता थंडी नाही ना गं वाजत?"

"नाही गं, संयू," आई म्हणाली, आणि ओठ माझे हलले.